उतरलेलं रीडिंग

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. खुब्याचं दुखणं कितपत कमी झालं? लेकीच्या घरी आहेस तर लेकीचं ऐक, उगाच उठबस करू नकोस. इकडे सगळं ठीक आहे. (आता आहे. मधले काही दिवस नव्हतं, तेच सांगायला बसलोय.)

जाताना तू बजावलंस, रोपांची टाकी रेघेपर्यंत भरत जा आणि तिचा मीटर बघत जा. एकतीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकून विजेचं रीडिंग घेणाऱ्याला हे सांगावं लागतं? पहिल्या दिवशी दीड. मग एक पूर्णांक आठ दशांश, मग दोन, मग अडीच. मी खुशीत वहीत लिहीत होतो. मीटर पुढेच जातो, मागे गेला तर चोरी, हे माझं उभ्या जन्माचं शास्त्र! त्यातून रोपांना नुसतं पाणी घालणं जिवावर आलं (पाहुण्याची बोळवण कोणी पाण्यावर करतं का?), म्हणून टाकी भरताना दर वेळी बाटलीतलं खत मिसळत गेलो. पाचव्या दिवशी तुझ्या तीनशे सॅलडच्या रोपांतल्या कडेच्या ओळींची पानं करपायला लागली. आणि हे पहिलं पीक रुग्णालयाच्या स्वयंपाकघराने नाकारलं, तर मातीविना शेतीचा हा सगळा खटाटोप तू मोडीत काढणार होतीस. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

खतवाल्याला फोन केला. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, "काका, तो आकडा म्हणजे पाण्यातले क्षार. उकाड्यात रोपं पाणी पितात आणि क्षार मागे ठेवतात. आता नुसतं पाणी घाला." अर्धी टाकी उपसली, पाणी ओतलं आणि स्टुलावर बसून राहिलो. दोन... एक पूर्णांक सात दशांश... दीड! ताई, जन्मात पहिल्यांदा रीडिंग उतरताना पाहिलं. मग एक रोप उचलून मुळं बघितली. पांढरीशुभ्र, केसाहून बारीक. ना डोळे, ना जीभ, तरी काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे त्यांना कळतं. मला साठी उलटली तरी ताटात पडेल ते संपवायचं एवढंच कळतं. खरं सांगतो, आपोआप हात जोडले गेले.

आज त्या स्वयंपाकघराचा आचारी आला होता. एक पान चावलं, दुसरं उजेडात धरून उलटसुलट पाहिलं. मग कडेच्या दोन ओळी सोडून सगळं पीक घेऊन गेला.

तुझा,
धाकटा

ता. क. वहीची पहिली पानं सापडणार नाहीत. शोधू नकोस.

आणखी एक. इकडेच राहायला ये, असं तू चार वर्षं म्हणतेस आणि मी 'बघू' म्हणतो. परवा माझी भाड्याची खोली सोडली. रोपांच्या खोलीत एक खाट मावते. मावते म्हणजे, टाकली आहे. नाही म्हणायचं असेल तर पत्राने कळव, ताई. फोनवर तुझ्या तोंडून ऐकवणार नाही मला.