द्वारकेचा दुकानदार

नाशिक,
१४ मार्च २०२६, शनिवार

स्वस्ति श्री. मखमलाबाद-मळाधीश्वर, टोमॅटो-मेथी-शेपू-साम्राज्यधुरंधर, पंचवटी-बाजार-उषःकाल-सिंहासनाधिष्ठित, मितभाषी-चक्रचूडामणी, अस्मद्भगिनीपती श्रीमान सावळीरामदाजी यांच्या चरणी, शालेय अभिकल्प-तंत्रज्ञान-पीठाचा (म्हणजे शाळेच्या जिन्याखालच्या खोलीचा) एकमेव पीठाधीश गोटीराम याचा साष्टांग दंडवत. दंडवत कागदावरच स्वीकारावा. प्रत्यक्ष घातल्यास उठवायला दोन माणसे लागतात.

येथे सर्व कुशल. सौ. सुवर्णा कुशल, मी कुशल. कुकरची प्रकृती तेवढी बरी नाही. त्याविषयी शेवटी निवेदन करीन.

मळा हाकेच्या अंतरावर असताना पत्र कशाला, असे मनीषाताई विचारील. दाजी, दूरध्वनीवर आपण 'हां बोल, गिऱ्हाईक हे' एवढे अमृतवचन उच्चारून विराम घेता. कागदाला असे मध्येच ठेवून देता येत नाही. निदान ताई ठेवू देणार नाही.

गेल्या आठवड्यात आपण ओसरीवर जो निर्णय घोषित केलात, की जूनपासून आपल्या कन्येने, आरोहीने, मामाचा विषय सोडावा आणि त्या वेळात गणिताच्या क्लासला जावे, त्याविषयी मी एक अक्षरही लिहिणार नाही. 'पोरीला लोखंड कापायला शिकवून काय अंबडच्या कारखान्यात धाडायची का?' हा आपला प्रश्नही मी येथे उद्धृत करीत नाही. नववीला माझा विषय घेणाऱ्यांची नावे सोमवारी मुख्याध्यापिकाबाईंना द्यायची आहेत, याचा तर उल्लेखच नको.

त्यापेक्षा आपल्या आकड्याविषयी लिहितो.

दसऱ्याला मी आपणास एक लोखंडी आकडा दिला. खाली वाकवलेले टोक, वर मूठ. टोमॅटोचे भरलेले कॅरेट टेम्पोतून ओढताना कंबरेत वाकावे लागू नये, हा त्याचा हेतू. 'कुठून आणला?' असे आपण विचारलेत. 'द्वारका चौकातल्या एका दुकानातून,' असे मी उत्तरलो. सत्याच्या दृष्टीने ते विधान काहीसे अशक्त होते.

माझ्या वर्गाचा एक नियम आहे. आठवीच्या प्रत्येक मुलाने एका खऱ्या माणसाची एक खरी अडचण शोधायची, तिच्यावर वस्तू करायची आणि ती त्या माणसाच्या हाती सोपवायची. पण कोणी केली, हे सांगायचे नाही. आप्तांची स्तुती पुरावा म्हणून अग्राह्य! पहिल्या वर्षी एका मातेने आपल्या सुपुत्राच्या सर्व बाजूंनी गळणाऱ्या झारीला 'किती गोड' म्हटले, आणि तो सुपुत्र दहावीपर्यंत गळक्याच वस्तू घडवीत राहिला. नियम तेव्हापासूनचा.

आपण मात्र परीक्षकांचे मुकुटमणी निघालात. पहिल्याच आठवड्यात, भर बाजारात, चारचौघांदेखत: 'गोटीराम, तुझ्या दुकानदाराला सांग, मूठ लय रुतती. करणाऱ्यानं जन्मात कॅरेट उचललेलं नाय!'

मी निरोप पोहोचवला. करणाऱ्याचे तोंड दिवसभर उतरलेले होते. पुढच्या रविवारी पहाटे आरोही आपण होऊन आपल्यासोबत बाजारात आली, आठवते? सकाळभर तिने त्याच आकड्याने कॅरेट ओढले. 'पोरीला आज काय सुचलं!' म्हणून आपण कौतुकाने जिलेबी खाऊ घातलीत. तिच्या तळहाताकडे मात्र पाहिले नाहीत. तो फोड मला सोमवारी दाखवण्यात आला. 'मामा, बाबा बरोबर बोलले. मूठ खरंच बेकार आहे.'

एव्हाना आपल्या भाळी आठी उमटली असेल. होय, दाजी. द्वारकेचा दुकानदार आपल्याच घरी राहतो, दोन वेण्या घालतो आणि वांग्याची भाजी पाहिली की नाक मुरडतो.

दुसरी मूठ सायकलच्या ट्यूबची. 'वल्ल्या हातातून सटकती,' इति आपण. मग तिसरी. तिच्यावर आपण काहीच बोलला नाहीत. आणि आपल्या शब्दकोशात मौन म्हणजे सुवर्णपदक. शेजारी बसणारा फकिरा आकडा मागायला आला, तेव्हा आपण म्हणालात, 'टेम्पो ने माझा. आकडा नाय मिळायचा.' हे मी या कानांनी ऐकले आहे.

आकड्याची लांबी कुठून आली, तेही सांगतो. आपण दुपारी ओसरीवर घोरत असताना तिने ताईच्या शिवणाच्या टेपने आपले मनगट ते टाच असे माप घेतले आणि टोक किती वाकवावे याचा हिशेब पाटीभर मांडला. त्या हिशेबाला आमच्याकडे गणितच म्हणतात.

आपला निर्णय ऐकून ती रडली नाही. माझ्याकडे येऊन म्हणाली, 'मामा, आता त्यांना सांग. पण आधी विचार, आकडा कसा आहे. माझं नाव काढू नकोस.'

म्हणून परवा मी बाजारात आलो होतो. मेथी हे केवळ निमित्त. आपण कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी मारीत होतात. मी विचारले. मान वर न करता आपण वदलात: 'कंबर वाचली माझी. त्या माणसाच्या हातात अक्कल हे. त्याला म्हणावं, हे काम सोडू नको.'

निरोप मी शब्दशः पोहोचवला. तिने हातातली करवत जागेवर टांगली आणि विचारले, 'सोडू नको म्हणाले ना? मग सोमवारी माझं नाव द्यायचं की नाही?'

या प्रश्नाचे उत्तर माझ्या पीठात उपलब्ध नाही. ते आपल्या मळ्यात आहे, आणि ते काय असेल याविषयी मला तिळमात्र शंका नाही. कारण असा कारागीर हातचा जाऊ देण्याइतके अव्यवहारी आपण कधीच नव्हतात. फक्त ते मला कळवू नये. दुकानदाराला सांगावे. ती संध्याकाळी घरीच असते.

आपल्या एका वाक्याच्या प्रतीक्षेत, आणि ते ऐकायला मी नसलो तरी चालेल अशा तयारीत,

आपला आज्ञांकित मेहुणा व निरोप्या,
गोटीराम

ता. क. ती तिसरी मूठ आमच्या कुकरची आहे. दुकानदाराने 'मामी, दोन दिवसांत आणून देते' असे वचन देऊन नेली, त्याला दिवाळी उलटली. बाजारात तशी सुटी मूठ मिळत नाही. विचारले की नवा कुकर दाखवतात. परत मागावी तर आपल्या कंबरेचा प्रश्न, न मागावी तर सुवर्णेच्या मुद्रेचा. आजही वरणभात फडक्याने धरूनच उतरवला, आणि ते फडकेही आता एका बाजूने जळले आहे.