कॅप्सूलबाहेरचा पहारा

४ मार्च, मंगळवार

बायकोच्या ऑफिसातून विज्ञान संग्रहालयाचे पास मिळाले. नवं प्रदर्शन आहे, भविष्यातलं अंतराळयान. नुसतं काचेतून बघायचं नाही, आपणच यानाचे कर्मचारी. प्रवासात यानात ‘काहीतरी’ शिरतं आणि आपण सगळ्यांना सुखरूप परत आणायचं. रविवारी जायचं ठरलं. मी, बायको, सासूबाई आणि आमची लेक चिमी.

चिमी आठ वर्षांची आहे आणि भित्री. वॉशिंग मशीन थरथरायला लागलं की खोलीबाहेर पळते. कुणावर गेली कळत नाही. माझा तर धंदाच धीराचा. गेली कित्येक वर्षं ड्रायव्हिंग शिकवतोय. शेजारी नवशिका, समोर ट्रक, आणि मी शांत. माझ्या पायाखाली जादा ब्रेक असतो, पण तो मुद्दा नाही. रविवारी तिची भीती कायमची घालवायची. बापाचं कर्तव्य.

६ मार्च, गुरुवार

पूर्वतयारी म्हणून प्रदर्शनाचा व्हिडिओ लावला. लांब कॉरिडॉर, लाल दिवे, छतात कोणीतरी श्वास घेतंय. मग एक दार हळूहळू उघडायला लागलं. तेवढ्यात नेट गेलं. बायको म्हणाली, नेट आहे, लॅपटॉप तूच मिटलास. असेल. डोळ्यांवर ताण येतो.

७ मार्च, शुक्रवार

सासूबाईंचं ब्लडप्रेशर. हा विचार कोणीच केला नव्हता. जेवताना विषय काढला. म्हटलं, तुम्हाला हे झेपायचं नाही, मी तुमच्या सोबतीला घरी थांबतो, मला काही वाटणार नाही. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, तुम्ही खुशाल थांबा, मी चालले. वर दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

८ मार्च, शनिवार

सकाळपासून पोटात कसंतरी. बाहेरचं खाणं. या आठवड्यात बाहेरचं काही खाल्लं नाही हे खरं, पण कधीतरी खाल्लं होतंच.

चिमीने विचारलं, बाबा, यानात शिरतं ते खरं असतं का? म्हटलं, रबर. आत पगारी माणूस. ती म्हणाली, मग बरं, आणि खेळायला गेली. मी मात्र विचार करत बसलो. माणूस तरी चांगलाच असेल कशावरून?

९ मार्च, रविवार, सकाळ

निघतोय. पोट बरं आहे, दुर्दैवाने. मनात भीती अजिबात नाही. गाडी बायको चालवणार आहे, कारण माझे हात जरा गार पडलेत.

९ मार्च, रविवार, संध्याकाळ

एका हाताने नाकावर बर्फ धरून लिहितोय. घडलं ते नीट नोंदवलेलं बरं, नाहीतर लोक वाटेल ते सांगतात.

दारात चंदेरी सूट घातलेल्या मुलीने सगळ्यांच्या मनगटाला पट्टा बांधला. पट्टा नाडी मोजतो. ज्याची सगळ्यात शांत, तो कॅप्टन. मी आधीच थोडा पुढे सरकून उभा होतो. मशीनने सासूबाईंना कॅप्टन केलं. माझा दिवा लाल लुकलुकत होता. म्हटलं, पट्टा बदलून द्या. दिला. तोही खराब निघाला.

यान सुटलं. जमीन हादरली, कानांत दडे बसले. माझा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधत होता. नव्हता. चिमी हसत होती. मुलं घाबरली की हसतात, मी कुठेतरी वाचलंय.

मग दिवे गेले. लाल उजेड आणि धूर. स्पीकरवर एका बाईचा आवाज, अगदी बँकेच्या फोनवरचा वाटावा असा. म्हणाली, यानात एक अनोळखी जीव आहे, कृपया शांत राहा. सासूबाईंनी भराभर हुकूम सोडले. त्या आणि बायको कंट्रोल रूममध्ये. चिमी कॅप्सूलमध्ये, हेडफोन लावून सिग्नल ऐकायला. आणि जावईबापू, तुम्ही कॅप्सूलच्या दाराशी पहारा द्यायचा, जागचं हलायचं नाही. म्हटलं, ही काय सांगायची गोष्ट झाली?

कॅप्सूलचं दार लागलं. चिमीने काचेतून अंगठा वर करून दाखवला. कॉरिडॉरमध्ये मी एकटा.

छतात श्वास सुरू झाला. आधी लांब. मग जवळ. मग बरोबर डोक्यावर, आणि तिथे थांबला. थांबला ते जास्त वाईट. मानेवर काहीतरी ओलं टेकलं.

यानंतर मी मदत आणायला गेलो.

वाटेत एक दार होतं. त्यावर मोठ्या अक्षरांत बरंच काही लिहिलं होतं, वाचत बसायला वेळ नव्हता. ढकललं. घंटा वाजायला लागल्या, खऱ्याखुऱ्या. सगळी इमारत रिकामी करायला लावली. पार्किंगमध्ये मी सगळ्यांच्या आधी पोचलो, पुढची व्यवस्था बघायला.

लोक दुसऱ्या दाराने बाहेर येत राहिले. सासूबाई आल्या. बायको आली. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या शेजारी, मग मागे. म्हणाली, चिमी कुठे आहे?

इथलं थोडं लिहायचं राहू दे.

तिला वाटलं होतं चिमी माझ्याबरोबर आहे. वाटणारच. दारातून येणारी माणसं विरळ झाली, मग थांबली. चिमी आली नाही. आतून धूर येत होता. तो मशीनचा धूर होता हे मला माहीत होतं, पण त्या क्षणी मला काहीच माहीत नव्हतं. ती बंद दाराआड, कानांवर हेडफोन. घंटा तिला ऐकूच गेल्या नसणार. काचेतून बघेल तर बाहेर मी नाही.

चंदेरी मुलगी म्हणाली, सर, थांबा, आमची माणसं आत बघतायत. मी थांबलो नाही. पुढच्या क्षणी मी आत होतो. कसा गेलो ते विचारू नये.

धुरात एका पाइपला अडखळून पडलो. मग रांगतच. छतातला श्वास चालूच, तो बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं. तिला हाका मारत होतो पण घशातून धड शब्द निघेना. कॅप्सूलचं दार हाताला लागलं. उघडलं. तिचा पाय सापडला, घोट्याशी गरम. घट्ट धरला. मला बघून तिला इतका आनंद झाला की तिने किंचाळून दुसरा पाय झाडला. तो नाकावर बसला.

उचलून बाहेर आणली. बायकोने तिला माझ्याकडून ओढून घेतलं. रक्त माझं आहे, तिचं नाही, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

१० मार्च, सोमवार

नाक बटाट्याएवढं. शिकाऊ मंडळींना सांगितलं, अंतराळात अपघात झाला. एकाने लगेच सीटबेल्ट लावला.

बायको बोलत नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, पहाऱ्याला तुम्हाला ठेवलं ही माझी चूक. मोठ्या मनाच्या आहेत.

संग्रहालयातून फोन. ते आणीबाणीचं दार का उघडलंत? म्हटलं, चाचणी घेतली, उत्तम चालतंय, अभिनंदन. त्यांनी माझं नाव पुन्हा एकदा विचारून लिहून घेतलं.

एक गोष्ट मात्र कोणी नाकारू शकत नाही. मी परत आत गेलो. चिमीला ते कळलं असणार. मुलीच्या मनात अशा गोष्टी कायमच्या राहतात.

१२ मार्च, बुधवार

चिमीची मैत्रीण खेळायला आली. मी सोफ्यावर पेपर वाचत होतो. मैत्रिणीने विचारलं, तिथे सगळ्यात भीतीदायक काय होतं? मी पेपर जरा खाली घेतला.

चिमी म्हणाली, काहीच नाही. श्वास टेपवरचा होता, आणि कॅप्सूलमध्ये तर मज्जाच, कानांत नुसते टुंग टुंग आवाज. फक्त शेवटी एकदा खूप घाबरले. दार उघडलं आणि धुरातून काहीतरी रांगत आलं. घोगऱ्या आवाजात रडत होतं. त्याने माझा पाय पकडला. मी जोरात लाथ मारली. मग बघते तर बाबा.

मैत्रीण माझ्याकडे टक लावून बघायला लागली. म्हणाली, काका, तो आवाज काढून दाखवा ना.

म्हटलं, मी कामात आहे.

चिमी म्हणाली, काढ ना बाबा, तू मस्त काढतोस.

काढला. दोघी किंचाळत सोफ्यामागे गेल्या. मागून हुकूम आला, अजून एकदा.

दुसऱ्यांदा घसा जरा भरून आला होता. तो पहिल्यापेक्षा चांगला निघाला म्हणे.