पेवात ऐकलेला आवाज

वाशी, सोमवार

तीर्थरूप आईच्या पायी बब्रुवानचं डोकं.

तासभर बोलण्याची किंमत जुलेखाबीला दोन दिवसांच्या तापानं मोजावी लागली. मी मात्र ठणठणीत आहे, भाकरी वेळेवर मिळते.

अठ्ठेचाळीस साली निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी आपल्या जुन्या गावात मुसलमानांची कत्तल झाली. त्यातून वाचलेली ही एकटीच उरली आहे. आता डोळ्यांनी दिसत नाही. तिची हकीकत रेकॉर्ड करायला गेलो. तुला ठाऊकच आहे, नुसत्या कानांच्या जोरावर मी रेकॉर्डिंगचा धंदा उभा केला. दोन शब्दांवरून माणसाचं घराणं सांगतो.

बसल्याबरोबर म्हणालो, "बोला चाची. भिऊ नगा, मी हाय ना."

म्हातारीनं कान माझ्याकडं वळवला. मग सांगू लागली. आईनं तिला जमिनीखालच्या धान्याच्या पेवात लपवलं होतं. वर अंगणात कुणीतरी मायेनं म्हणालं, "बाहेर या. भिऊ नगा, मी हाय ना." भरवशानं बाप बाहेर गेला, भाऊ गेला. कुऱ्हाडीचे घाव तिनं आतून ऐकले.

"तोंड न्हाय दिसलं बाबा. आवाज तेवढा हाय."

आई, माझा आवाज हुबेहूब आबा आजोबांचा, असं तू कौतुकानं सांगतेस. आबा तेव्हा कुठं होते?

गुडघ्याला तेल लावतेस ना?

निघताना तिनं विचारलं, "आबारावचा नातू का रं तू?"

मी तिला नाव सांगितलंच नव्हतं.

तुझाच,
बब्रुवान