दाराची कडी

औरंगाबाद, १२ जानेवारी १९५४

ती. दादांना कालिंदीचा नमस्कार.

मी बरी आहे. वसतिगृहातलं जेवण आता अंगवळणी पडलंय.

वाचनालयातून यायला दिवेलागण झाली म्हणून धाकट्या शैलाला तुम्ही तासभर दाराबाहेर ठेवलंत. वर मला लिहिता, ‘मी स्ट्रिक्ट आहे.’ कोशात त्या शब्दापुढे कडक, काटेकोर, तंतोतंत असे अर्थ आहेत. तुम्ही पहिल्यावरच थांबलात. वडील म्हणून अण्णाही स्ट्रिक्टच होते. शाळेत उशीर झाला, तर मास्तर असून स्वतः वर्गाबाहेर उभे राहत. तुम्ही पत्ते कुटून दहाला येता, तेव्हा आई दुखऱ्या गुडघ्यांनी उठून दार उघडते.

तिच्या गुडघ्यांना तेल लावतं का कुणी?

शनिवारी दिवेलागणीनंतरच्या गाडीनं मी लासूरला उतरेन. कडी लावायची की नाही, ठरवून ठेवा.

तुमचीच बहीण,
कालिंदी