द तुर्नेव्हाल यांना आरतीच्या ताटापासून दूर ठेवणेबाबत

दि. ९ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. कार्यवाह,
सोलेंट मराठी मंडळ,
साउथहॅम्प्टन.

विषय : गणेशोत्सवातील प्रथम आरतीचा मान केळशीकर कुटुंबाकडेच राहणेबाबत.
संदर्भ : आपली दि. ३ ऑगस्टची कार्यक्रमपत्रिका.

महोदया,

उपरोक्त विषयी अर्ज सादर करतो की, मंडळाचा पहिला गणपती १९९९ साली आमच्या गॅरेजमधील चेस्ट फ्रीझरवर बसला. तेव्हापासून प्रथम आरतीचे ताट आमची आई श्रीमती नीना, मी व धाकटा बंधू अंबरीश असे तिघे मिळून धरतो. यंदाच्या पत्रिकेत मानकरी म्हणून 'लॉर्ड अंब्रोज द तुर्नेव्हाल' छापले आहे. हा अंब्रोज म्हणजे आमचा अंबरीशच. केंब्रिजला सॉफ्टवेअरमध्ये असतो. त्याने फेब्रुवारीत एका वेबसाइटवरून फ्रान्समधील तुर्नेव्हालची लॉर्डशिप विकत घेतली आणि मार्चमध्ये रीतसर नाव बदलले. समितीने चौकशी केली नाही, कारण त्याने पाठवलेल्या कागदावर लाखेचे सील होते.

२. सदर घराण्याचा इतिहास त्याने फॅमिली ग्रुपवर टाकला. मी भूलतज्ज्ञ असूनही तो जागेपणी वाचून काढला. घराणे १४३१च्या सुमारास निर्वंश झाले. 'द तुर्नेव्हाल' म्हणजे तुर्नेव्हाल गावचा. आम्ही केळशीचे म्हणून केळशीकर, त्यातलाच प्रकार. या न्यायाने मंडळाच्या सभासद यादीत निदान दोनशे लॉर्ड निघतील व त्यांपैकी निम्मे पार्किंगवरून भांडतात. हे त्यास कळवले असता, "दादा, तू ना, सरळ जेलस आहेस," असे उत्तर प्राप्त झाले.

३. खातरजमेसाठी मी व सौ. सुप्रभा जूनमध्ये फेरीबोटीने फ्रान्सला जाऊन आलो. लॉर्डशिप म्हणजे बिटाचे एक शेत, एक राउंडअबाउट आणि जुन्या भिंतीचा साडेचार फूट तुकडा. पैकी शेत दुसऱ्याचे आहे. भिंतीला टेकून कपडे धुण्याचे सार्वजनिक मशीन आहे. "अहो, याच्यापेक्षा आपली शेड मोठी आहे," असे सौ.चे मत पडले. गावच्या कचेरीतील बाई एवढेच म्हणाल्या, की यंदा लॉर्डशिप पाहायला आलेले तुम्ही तिसरे. केळशीला आमचे सामाईक साडेतीन गुंठे व एक फणस आहे. त्या फणसाला निदान फळ धरते.

४. बाईंनी दिलेले फ्रेंच माहितीपत्रक आमची कन्या अनुष्का हिने वाचून दाखवले. त्यानुसार ही जहागीर ज्या सेवेबद्दल मिळाली ती अशी : ड्यूक शिकारीहून परतला की त्याच्या कुत्र्यांचे पाय कोमट पाण्याने धुणे. सेवा वंशपरंपरेची आहे. लॉर्डसाहेबांना परंपरेचा जाज्वल्य अभिमान असल्याने ती त्यांना नाकारणे बरे दिसणार नाही. खजिनदार श्री. कुशल यांचा लॅब्राडोर मिरवणुकीत दरवर्षी असतो व दरवर्षी चिखलात जातो.

५. खरी अडचण आईची आहे. वय चौऱ्याऐंशी. पत्रिका दोनदा वाचून तिने विचारले, "दीना, हा कोण पाहुणा रे? आणि अंबू नाही का येणार यंदा?" बघून सांगतो, म्हणालो. ताट पितळेचे, जड. तिचा डावा हात हल्ली कापतो आणि डावी बाजू इतकी वर्षे अंबूच धरत आला आहे.

सबब विनंती की, लॉर्डसाहेबांचे नाव पत्रिकेतून काढावे. ते आल्यास पाहुण्यांच्या रांगेत बसवावे, प्रसाद द्यावा, लॅब्राडोरशी ओळख करून द्यावी. मात्र अंबरीश केळशीकर नावाचा कोणी इसम आरतीच्या वेळी दाराशी घुटमळताना दिसल्यास त्यास काही एक न विचारता पुढे पाठवावे. आम्ही डावी बाजू रिकामी ठेवून उभे राहू.

आपला नम्र,
दीनानाथ केळशीकर
(सभासद क्र. १, लॉर्ड नव्हे)

सोबत :
१. १९९९चा फोटो, फ्रीझरसह.
२. भिंतीचा फोटो. उंचीचा अंदाज यावा म्हणून शेजारी सौ. उभ्या आहेत.
३. सोवळे एक, अंबूच्या मापाचे. आईने घडी घालून दिले आहे.