चांदीला घर मिळालं

अहो,

कळण्याची भाकरी टोपलीत आहे, ठेचा पाट्यावरून निपटून घ्या. मी धुळ्याला आक्काकडे चालले आहे. शेवटचं पिल्लू तिच्या पोरींना द्यायचंय.

हो, पिल्लंच. मी बाजाराला गेल्यावर खताच्या गोणीत कोंबून पांझरेच्या काठी टाकून आलात ना, ती सगळी मी शोधून आणली. एक पिठाच्या गिरणीवर दिलं. एक शाळेतल्या बाईंनी पदरात घेऊन नेलं.

राहिली त्यांची आई, आपली म्हातारी कुत्री. "बुढी शे, काय कामनी?" असं म्हणालात तुम्ही चांदीला. तिला झुलालभाऊंनी नेलं. तुमचेच चुलतभाऊ, पण तुमच्याशी बोलत नाहीत म्हणून काय झालं? तिला पोतं अंथरलंय, दूधभाकरी चालू आहे. दिवसरात्र बांधावरच्या निंबाखाली असते.

बांध तोच, जो तुम्ही दर उन्हाळ्यात पहाटे कुदळ घेऊन त्यांच्या शेतात सरकवता. तेव्हा चांदी तुमच्यासोबत असायची, म्हणून गप्प असायची.

आता ती समोरून बघेल. परक्यावर ती नुसती भुंकते, पण तुम्ही लांबून दिसलात की गळा काढून रडते, नाचते, सगळं शिवार गोळा करते. गोणीचं तिच्या मनात काही नाही. वेडी अजून तुमच्यावर जीव टाकते.

ते रडणं कसं ओळखायचं, हे मी झुलालभाऊंना नीट सांगून ठेवलंय.

कुदळ दारामागे आहे. खुशाल जा.

सुगंधा