माहेरची डोण

चि. लेटिस,

राष्ट्राध्यक्षांची बायको झालीस आणि माहेराकडे मागणं काय, तर डुकरांना खाऊ घालायची लाकडी डोण! धाकट्या लेकीचं लग्न आधी ठरलं, म्हणून थोरल्या टॅम्सिनला त्या डोणीत अनवाणी नाचवायचंय म्हणे. "आपल्या व्हर्जिनियाची जुनी रीत आहे, पाहुण्यांची करमणूक होईल," असं खुशाल लिहितेस?

तुझ्या लग्नात याच डोणीत मी नाचले होते, आठवतंय? आई गेल्यावर तुला न् भावांना वाढवता वाढवता माझं लग्न राहून गेलं. त्या सकाळी तुझे केससुद्धा मीच विंचरले. आणि दुपारी तंबाखूच्या कोठारापुढे सगळे टाळ्या पिटत होते. "नाच गं केझाया, नाहीतर नवरा मिळायचा नाही!" मामा तर म्हणाले, "हिच्यापेक्षा आमची डुकरीण बरी नाचते." सगळ्यांत मोठ्यानं तू हसलीस. फळीची सल माझ्या तळव्यात गेली होती. ती नंतर बाबांनी काढली.

हे पत्र काही मी धाडणार नाही. तुझं टपाल आधी तिथले कारकून वाचतात, आणि मला पुन्हा चारचौघांत नाचायचं नाही. तुला एवढंच कळवीन: डोण कुजली, टॅम्सिनला थोडे दिवस माझ्याकडे पाठव.

कुजलीबिजली काही नाही. आज सकाळी कुऱ्हाड घेऊन मीच फोडली. तिच्याच जाळावर आत्ता टॅम्सिनसाठी सफरचंदांचा मुरांबा शिजतोय.

तुझी थोरली बहीण,
केझाया